कॉलेज कशासाठी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मी आत स्वयंपाकाच्या बाजूला असते. यंदा चिटणीसबाईंनी मला पुरणाच्या पातेल्यापासून उठवून येथे आणून उभे केले आहे. विषय दिला, 'मुले कॉलेजात कशासाठी जातात?' मी म्हटले, "अहो, मी सातवी पास. कॉलेजच्या फाटकातून आत गेले ती फक्त डबा पोचवायला. एखाद्या प्राध्यापिकाबाईंना बोलवा." त्यावर त्या म्हणाल्या, "प्राध्यापकांपुढे मुले परीक्षेतले उत्तर देतात. तुमच्या घरी जेवताना खरे बोलतात." एवढे ऐकल्यावर मला नाही म्हणता आले नाही.

तुम्हांला ठाऊकच आहे की गेली नऊ वर्षे मी साताऱ्यात शिकायला येणाऱ्या मुलामुलींचे डबे करते. सध्या चौदा डबे आहेत. नऊ मुलगे आणि पाच मुली. कोणी माणचे, कोणी खटावचे, कोणी पाटणचे, तर काही माझ्या माहेरच्या जावळी तालुक्यातले. त्यातली सहाजणे घरीच येऊन जेवतात. विषय मिळाल्यापासून पंधरा दिवस मी ताटे वाढता वाढता एकेकाला विचारले, "बाळ, तू कॉलेजात कशासाठी आलास?" त्यांनी जे सांगितले तेच आज तुमच्यापुढे ठेवणार आहे. कोणाची ओळख पटेल असे मात्र काही सांगणार नाही, कारण ती मुले उद्याही माझ्याकडे जेवायला येणार आहेत.

सर्वांत जास्त मुलांनी सांगितले ते नोकरीचे. जावळीकडच्या एका मुलाचे वडील नवी मुंबईत वाशीच्या बाजारात माथाडी कामगार आहेत. आपल्या भागातून किती माणसे या कामाला मुंबईकडे गेली हे वेगळे सांगायला नको. तो मुलगा म्हणाला, "काकू, आमचे दादा म्हणतात, पाठीवरचं ओझं माझ्यापाशीच थांबलं पाहिजे. म्हणून आलो." तो हे बोलला तेव्हा दुसरा मुलगा लगेच म्हणाला, "माझंही तेच, फक्त आमच्याकडे ओझ्याऐवजी दुष्काळ आहे." तो माणचा.

दोघे-तिघे भरतीच्या मागे आहेत. पहाटे पाचला धावायला जातात, आठला कॉलेज, दुपारी अभ्यासिका. पोलीस शिपाई व्हायला बारावी पुरते, पण फौजदारकीच्या किंवा राज्यसेवेच्या परीक्षेला बसायचे तर पदवी लागते. म्हणून पदवी. त्यांच्यातला एकजण मोकळेपणाने म्हणाला, "काकू, खरं तर भरती निघेपर्यंत कुठंतरी नाव असावं म्हणून मी बी.ए. करतोय."

काही सुशिक्षित माणसे अशा उत्तराला नाक मुरडतात. विद्या ही विद्येसाठी घ्यावी, असे ती म्हणतात. मला तसे वाटत नाही. ज्याच्या घरी महिन्याच्या वीस तारखेला तेलाची बाटली पालथी पडते, त्याने विद्येकडे पोट भरण्याचे साधन म्हणून पाहिले तर त्यात कमीपणा काय? पाटणची एक मुलगी माझ्याकडून एकच वेळचा डबा घेते. त्यातली एक भाकरी आणि थोडी भाजी रात्रीला ठेवते. मी भाकरी एक जास्तीची घालते आणि आपण काही बोलत नाही. तिने मला सांगितले, "पहिला पगार झाला की आईची कोळप्याची मजुरी बंद करणार." यापेक्षा चांगले कारण पुस्तकात तरी कोठे असेल?

पण एक गोष्ट आपण आयांनी मुलांना सांगायला हवी. पदवीचा कागद हातात पडला म्हणजे नोकरी दारात येऊन उभी राहते, असे नाही. आपल्याच गल्लीत दोन पदव्या घेऊन दुकानात हिशेब लिहिणारी मुले आहेत. त्यांत लाज नाही, पण ती मुले मनातून खचलेली आहेत, कारण त्यांना कोणी आधी सांगितलेच नव्हते. कोणत्या शिक्षणाने कोणते दार उघडते हे नाव घालण्याच्या आधी विचारावे. दुकानात साडी घेताना आपण पदर उलगडून पाहतो, रंग जाईल का विचारतो. मुलाच्या तीन वर्षांच्या बाबतीत मात्र शेजारच्याने घेतले तेच घेतो.

दुसरे उत्तर 'घरच्यांनी घातलं म्हणून'. हे उत्तर देणारे सगळे मुलगेच निघाले. दोन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा माझ्याकडे जेवायला होता. वडिलांनी हौसेने शास्त्र शाखेला घातलेला. तो जेवताना कधी बोलत नसे. पण माझा मिक्सर बिघडला तेव्हा त्याने तो खोलून, साफ करून, तासाभरात चालू करून दिला, आणि त्या दिवशी मी त्याला प्रथम हसताना पाहिले. पुढच्या जूनमध्ये त्याने वडिलांची समजूत घालून आय.टी.आय.ला वीजतंत्रीच्या वर्गात नाव घातले. आज तो आमच्या एम.आय.डी.सी.त कामाला लागला आहे. कॉलेज सोडले म्हणून त्याचे काही बिघडले नाही. कॉलेज हे एक दार आहे. घराला दुसरी दारेही असतात.

आता मुलींकडे येते. पाच मुलींपैकी दोघींनी नोकरी सांगितली. तिसरी हसत म्हणाली, "काकू, स्थळाच्या कागदावर शिक्षणाचा रकाना असतो ना, तो भरायला!" तुम्ही हसलात, पण ती खोटे बोलली नाही. हल्ली मुलाकडचेही 'पदवीधर मुलगी हवी' म्हणतात. आणि लग्नानंतर तीच पदवी ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवतात, हेही आपण पाहतो.

चौथीने जेवताना काही सांगितले नाही. सगळे गेल्यावर ती माझ्यामागे मोरीपाशी आली, आणि स्वतःचा डबा घासता घासता हळूच म्हणाली, "कॉलेजात नाव आहे तोवर घरी लग्नाचं काढत नाहीत. म्हणून."

मैत्रिणींनो, हे कारण ऐकून काही जणी म्हणतील, म्हणजे हिला शिकायचे नाहीच! मीही रात्री अंथरुणावर पडल्यावर यावर विचार केला. मला वाटते, तिला स्वतःच्या आयुष्याची तीन वर्षे स्वतःच्या हातात हवी होती, आणि ती मागायला तिच्यापाशी दुसरा शब्द नव्हता. कॉलेज हा एकच शब्द असा आहे की तो उच्चारला म्हणजे घरातली मोठी माणसे थांबतात. मुलीचे लग्न अठराच्या आधी करू नये असा कायदा आहे. पण अठरा पुरी झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून तिची बाजू घेणारे काय आहे? तिचे कॉलेजातले नाव, एवढेच.

दिवाळीच्या सुट्टीत तिला पाहायला पाहुणे यायचे ठरले. शेवटचे वर्ष पुरे व्हायचे होते. तिच्या आईचा डब्याच्या हिशेबासाठी मला फोन आला, तेव्हा मी विषय काढला. आई म्हणाली, "ताई, शिकून काय करणार असं विचारलं तर ती काहीच सांगत नाही. मग कशासाठी थांबायचं?" आता ती काय सांगणार? तिचे कारणच असे होते की ते आईवडिलांना सांगता येत नव्हते. मी म्हटले, "वहिनी, परीक्षा तेवढी होऊ द्या. स्थळ चांगलं असेल तर उन्हाळ्यापर्यंत थांबेल. नाही थांबलं, तर ते कसं होतं तेही कळेल." दिवाळीनंतर मुलगी परत आली. तिचा डबा अजून चालू आहे. पुढचे मला सांगता येत नाही.

पाचवी मुलगी वनस्पतिशास्त्र शिकते. वडील रिक्षा चालवतात. तिने सांगितलेले कारण चौदाजणांत वेगळे होते. लहानपणी वडील रिक्षातून भाडे घेऊन कासच्या पठारावर जात, तेव्हा तीही सोबत जाई. आपण सातारकर कासला जातो, फुले पाहतो, वडे खातो आणि परत येतो. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत आपले कास आहे, हेही आपण अभिमानाने सांगतो. या मुलीला मात्र प्रश्न पडला की, टोपली कारवी सात वर्षांनीच का फुलते? मधली सहा वर्षे ती मोजते कशी? ती म्हणाली, "काकू, हे मला कुणी नीट सांगेना. म्हणून मीच शिकायला गेले." नोकरीचे विचारले तेव्हा म्हणाली, "ती बघू की. पण आधी हे." हे ऐकून तिच्या शेजारी बसलेला भरतीवाला मुलगा घास हातात धरून तिच्याकडे बघतच राहिला.

ही सारी उत्तरे गोळा करताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि तीच मला आज मुख्यतः सांगायची आहे. 'कशासाठी शिकतेस?' हा प्रश्न या पाचही मुलींना माझ्या आधी कोणी ना कोणी विचारलेला होता. आजीने, काकाने, मामाने, गल्लीतल्या माणसाने. त्यांची उत्तरे तयार होती. नऊ मुलग्यांना मात्र तो प्रश्न मीच पहिल्यांदा विचारला. त्यांतले चारजण गोंधळले. म्हणजे मुलीला आपण कारण विचारतो आणि ते पटले तर पाठवतो. मुलाला न विचारताच पाठवतो. यात मुलीचे नुकसान आहे हे उघड आहे. पण मुलाचेही आहे. ज्याला कोणी विचारले नाही, त्याने स्वतःला तरी कधी विचारावे?

मुलीला कारण विचारण्याची आपली चाल फार जुनी आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण सर्वजणी घेतो. १८८३ साली अमेरिकेला जाण्यापूर्वी त्यांना बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात भरसभेत उभे राहून, इंग्रजीतून, आपण परदेशी शिकायला कशासाठी जातो हे सांगावे लागले होते. तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. लोकांच्या एकेका शंकेला त्यांनी उत्तर दिले. आपल्या देशात स्त्री डॉक्टरांची गरज आहे, हे त्यांचे कारण होते. ते कारण पुस्तकातून आलेले नव्हते. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले, त्या दुःखातून ते आले होते. १८८६ साली त्या पदवी घेऊन परत आल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. पण कामावर रुजू होण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात त्यांचे देहावसान झाले. बावीस वर्षांचेही आयुष्य नाही.

मला वाटते, आनंदीबाईंचे उदाहरण देताना आपण नकळत एक अन्याय करतो. आपल्या मुलींकडूनही तेवढेच मोठे कारण मागतो. देशासाठी काय करणार? घरासाठी काय करणार? अहो, प्रत्येक मुलीजवळ तेवढे मोठे कारण सतराव्या वर्षी कोठून असणार? कोणाचे कारण मोठे असेल, कोणाचे मुठीएवढे असेल. बी पेरताना ते किती मोठे आहे हे कोण पाहते? किडके नाही ना, एवढेच पाहतात.

आपण साताऱ्याच्या बायका आहोत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, ते खेड्यापाड्यातल्या गोरगरिबांच्या मुलांसाठी. सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवत. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले, ही गोष्ट आपल्या घराघरात सांगितली जाते. १९४७ साली येथे छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेथे 'कमवा आणि शिका' ही रीत होती. हातात पैसा नाही तर काम करा आणि शिका. भाऊराव स्वतः पदवीधर नव्हते. त्यांना १९५९ साली पुणे विद्यापीठाने डी.लिट्. ही पदवी सन्मानाने दिली. आज त्यांच्या नावाचे विद्यापीठही साताऱ्यात आहे. मी रोज चौदा डबे भरते तेव्हा मला लक्ष्मीबाईंची आठवण येते. मी पैसे घेऊन डबे देते, माझी आणि त्यांची बरोबरी नाही. पण दुसऱ्याचे मूल शिकावे म्हणून चुलीपुढे बसणारी बाई या गावाला नवी नाही, एवढे मात्र वाटते.

आता थोडे घरचे. मी १९९३ साली सातवी पास झाले. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा दूर, पावसाळ्यात ओढे भरलेले. तेव्हा 'तुला पुढे शिकायचे आहे का' हा प्रश्न कोणी केला नाही, कारण तो प्रश्न असू शकतो हेच कोणाच्या ध्यानात नव्हते. माझ्या आईवडिलांना मी बोल लावत नाही. काळ तसा होता आणि वाटही तशी होती.

आता काळ पालटला आहे. माझ्या लेकीने मला वाचून दाखवले की, २०२१-२२ सालच्या सरकारी पाहणीत देशभर उच्च शिक्षण घेणारी ४ कोटी ३३ लाख मुले-मुली होती आणि त्यांत २ कोटी ७ लाख मुली. म्हणजे जवळजवळ निम्म्या. ही माझी लेक यंदा बारावीला आहे. मी तिलाही तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "आई, मला काय व्हायचंय ते अजून मला माहीत नाही. ते कळायलाच जायचंय." तिचे वडील म्हणाले, "हे काय उत्तर झालं?" मी म्हटले, "चौदाजणांत सर्वांत खरे उत्तर हेच आहे." मग आम्ही तिघांनी बसून दोन तास बोललो. खर्च किती, कोणता विषय आवडतो, रोज जाऊन-येऊन जमेल का. निर्णय अजून झालेला नाही. पण आमच्या घरात या प्रश्नावर तिघांनी मिळून बसण्याची ही पहिलीच वेळ, आणि मला ते बरे वाटले.

मैत्रिणींनो, नुसते बोलून मी खाली बसणार नाही. मंडळापुढे तीन गोष्टी मागणार आहे.

पहिली गोष्ट, बारावीचा निकाल लागण्याच्या आधीच प्रत्येकीने आपल्या मुलाला आणि मुलीला, दोघांनाही, सारखाच प्रश्न विचारावा. आणि उत्तर आले की लगेच त्यावर निवाडा करू नये. ऐकून घ्यावे.

दुसरी गोष्ट, शिक्षण चालू असताना मध्येच मुलीचे नाव काढू नये. स्थळ आले तर चालू वर्षाची परीक्षा तरी होऊ द्यावी. हे आपल्या भाऊबंदांत, माहेरी, नणंदेच्या घरी, जेथे आपला शब्द चालतो तेथे सांगावे. एकटी आई सांगते तेव्हा तिला गप्प बसवतात. मंडळातल्या पाचजणी चहाला जाऊन बसल्या तर कोणी गप्प बसवत नाही.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, रहिवासाचा दाखला हे सारे जूनमध्ये काढायला जावे तर सेतू केंद्रापुढे रांग लागलेली असते, आणि प्रवेशाची तारीख टळते. मी जुलैमध्ये दरवर्षी एखाद्या पोराचा रडवेला चेहरा पाहते. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय केला की, वर्षाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गांतील मुलींनी सरकारी प्रवेश-फेरीतून इंजिनियरिंग, फार्मसी अशा व्यावसायिक शिक्षणाला प्रवेश घेतला, तर त्यांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ. पण दाखलाच वेळेवर नसेल तर माफी कोठून मिळणार? तेव्हा मंडळाने मार्च-एप्रिलमध्ये एक दिवस ठेवावा. ज्यांच्या घरी दहावी-बारावीची मुले आहेत त्यांनी आपापली कागदे घेऊन यावे, काय कमी आहे ते पाहावे, आणि दोघीतिघींनी मिळून सेतूत जावे. त्या दिवशीचा चहा-पोहे माझ्याकडे.

फी माफ झाली म्हणून खर्च संपत नाही, हेही ध्यानात असू द्या. खोलीचे भाडे, वह्या-पुस्तके, एस.टी.चा पास आणि जेवण राहतेच. मंडळाच्या फंडातून एखाद्या मुलीचे सहा महिन्यांचे डबे निघाले, तर ते डबे मी फक्त सामानाच्या किमतीत करून देईन. मेहनतीचे पैसे घेणार नाही.

मुलांची कारणे मी तुम्हांला जशी ऐकली तशी सांगितली. त्यांत चांगली कोणती आणि वाईट कोणती याची वाटणी मला करता आली नाही. वडिलांचे ओझे, आईची मजुरी, तीन वर्षांची मोकळीक, सात वर्षांनी फुलणारी कारवी, ही सारी माझ्या एकाच पंक्तीत बसून जेवतात आणि मी सर्वांना सारखेच वाढते.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असेल तर सांभाळून घ्यावे.  आता पुरणपोळ्या व्हायच्या आहेत, तेव्हा आपली रजा घेते.